बिनखिळ्याचं घर

आमचे मालक भिंतीची माफी मागताना मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. टोपी काढून, दोन्ही हात जोडून. भिंत काही बोलली नाही, पण तिनं माफ केलं असावं, कारण ती अजून उभी आहे आणि हे मी तिलाच टेकून लिहितो आहे.

मालक म्हणजे घरमालक. जिंतुरात अकरा वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो. त्यांचं नाव लिहून उपयोग नाही, कारण त्या नावानं त्यांना त्यांच्या बायकोशिवाय कुणी ओळखत नव्हतं, आणि ती नाव घ्यायची नाही. सगळं गाव त्यांना 'मालक' म्हणे. मालकी किती, तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं ओटा, अंगणात कढीपत्त्याचं झाड आणि एक लोखंडी फाटक. पण रुबाब असा की निजामानं मराठवाडा सोडताना किल्ल्यांचा जुडगा यांच्याच खिशात टाकला असावा.

धंद्यानं मालक गवंडी. अर्धं जिंतूर आपण बांधलं असं ते सांगत. उरलेलं अर्धं कसं चुकीचं बांधलंय तेही सांगत. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधून शेवटी हे एक स्वतःसाठी बांधलं, आणि बांधून झाल्यावर त्यात राहायला गेलेच नाहीत! मागच्या गल्लीतल्या गळक्या जुन्या घरातच राहिले. मी एकदा कारण विचारलं.

"नव्या घरात ऱ्हायलं की ती जुनं होतंय," मालक म्हणाले.

"मग आम्ही राहतो त्यानं होत नाही का?"

"तुमी भाडेकरू. तुमी ऱ्हात न्हाई, तुमी घराला सोबत करताव. रिकामं घर खंगतंय."

म्हणजे भाडं देऊन आम्ही राखणदारी करत होतो. तरी तो हिशेब मला कधी महाग वाटला नाही.

पहिल्या भेटीचं सांगतो. मी ताडकळसचा. जिंतूरच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानात नोकरी लागली आणि खोली शोधत यांच्या फाटकाशी आलो. जात नाही विचारली, पगार नाही विचारला, मटण खाता का हेही नाही. एवढंच विचारलं, "सामानात हातोडी हाय का?"

मला वाटलं, मोठा कनवाळू माणूस, नसली तर देणार. मी म्हणालो, "हाय की."

"ती आदी हिकडं द्या."

टेंपोतलं सगळं सामान उतरायच्या आत माझी हातोडी मालकांच्या काखेत गेली. डिपॉझिट म्हणून त्यांनी तेवढीच घेतली. या घरात खिळा मारायचा नाही. ही एकच अट, पण ती अशी की तिच्यापुढं कोर्टाचा हुकूम म्हणजे लग्नाची पत्रिका.

"मालक, एकच खिळा, कॅलेंडरसाठी," बायको म्हणाली.

"बाई, माझं गाव चारठाणा. तिथली देवळं बगितली का? आमच्या खापरपणज्याच्या खापरपणज्यानं बांधलेली. शेकड्यानं वर्सं झाली, एक खिळा दाखवा मला तिथं. म्हनून उभी हायेत."

देवळं दगडाची आहेत, हे बोलायची छाती मला झाली नाही.

मग अकरा वर्षं आमच्या घरात टांगलेलं असं काही नव्हतं. सगळं बसलेलं. घड्याळ कोनाड्यात बसलेलं. लग्नाचा फोटो तांदळाच्या डब्याला टेकून बसलेला. तांदूळ काढायचा तर आधी नवराबायकोला उठवावं लागे. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं, वारा सुटला की एका दुपारी आषाढाचा मार्गशीर्ष होई. आरसा पिठाच्या डब्यावर, त्यामुळं दाढी करताना मी रोज त्याच्यापुढं गुडघे टेकायचो. माझ्या बायकोला वाटे, माणूस किती भाविक आहे.

एकदा परभणीहून माझा मेहुणा आला. त्याला ही भानगड माहीत नव्हती. शर्ट अडकवायला जागा दिसेना, म्हणून त्यानं वरवंट्यानं एक खिळा ठोकला. एकच ठोका! दुसऱ्यासाठी हात उचलला, तर दारात मालक. मागच्या गल्लीतून ते कसे आले हे आजवर कुणाला कळलेलं नाही. बायको म्हणते उडत आले; मी म्हणतो, नाही, ते वाटेतच होते, भिंतीनं त्यांना आधीच कळवलं असणार.

मालकांनी मेहुण्याला हातानं बाजूला केलं. खिळा दोन बोटांनी हळूच उपसला, पायातला काटा काढावा तसा. टोपी काढली, हात जोडले, आणि भिंतीला म्हणाले, "चुकलं माय. पावना हाय, त्याला म्हाईत न्हवतं." मग चिमूटभर सिमेंट कालवून भोक बुजवलं आणि पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ तांब्यानं त्या एवढ्याशा जागेवर पाणी मारायला येत राहिले. येताना विचारत, "आता बरं हाय का?" पहिल्यांदा बायको म्हणाली, "हो, बरी आहे." मग कळलं की तिला विचारलं नव्हतं. मेहुणा त्यानंतर आमच्याकडं आला तो थेट पाच वर्षांनी, आणि बिनखिशाचा शर्ट घालून. खिशात काही आहे असा संशयसुद्धा नको म्हणून.

मालकांची टोपी पांढरी, धुऊन धुऊन पापडासारखी झालेली. ते संध्याकाळी पाचला यायचे आणि आत शिरण्याआधी टोपी फाटकाच्या खांबावर उपडी घालायचे.

"डोक्यावर ठेवा की, मालक."

"टोपी दिसली की लोकाला कळतंय, मालक आत हाय."

खरंच कळायचं. कुणाला भिंतीची भेग दाखवायची असे, कुणाला जिन्याचा हिशेब विचारायचा असे. माणसं रस्त्यावरून टोपी बघून आत येत. टोपी नसली तर फाटकाला हातही लावत नसत. आम्ही सबंध दिवस घरात असलो तरी लोकांच्या लेखी घर रिकामंच.

पाचला चहा. मालक ओट्यावर बसून बशीत ओतून प्यायचे, आणि पहिल्या घोटाला एकच वाक्य, "आलं कमी हाय." अकरा वर्षांत एक दिवस सोडला तर खंड नाही. बायकोही जिद्दीची. तिनं आलं वाढवत नेलं. शेवटी शेवटी तर तो चहा नुसता हुंगून गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांचा दमा बरा झाला असं लोक सांगतात. मी ते नाकारत नाही. मालक मात्र घोट घेऊन म्हणायचे, "आलं कमी हाय." आणि दुसरा कप मागायचे.

असं चाललं होतं, आणि एका दसऱ्याला त्यांचा पुण्याचा मुलगा आला. मुलगा सरळ, शांत. तो म्हणाला, "बाबा, आईचे गुडघे गेलेत, तुमची नजर चाललीय. आता माझ्याकडं चला. घर विकून टाकू." मालक ओट्यावर बसून ऐकत होते. बशीतला चहा थंड झाला. त्या दिवशी पहिल्यांदा ते आल्याबद्दल बोलले नाहीत.

घर जाणार म्हणजे आम्ही जाणार. बायको दुसऱ्या दिवसापासून किराणा दुकानातून रिकामी खोकी आणायला लागली. मी दुकानात बसून सोयाबीनच्या गिऱ्हाइकाला कपाशीचं बियाणं द्यायला लागलो.

पहिलं गिऱ्हाईक मोंढ्यातला एक व्यापारी. त्या सकाळी मालकांनी घराला नुसतं झाडलं-पुसलं नाही, सजवलं. दाराला आंब्याचं तोरण, उंबऱ्याला हळदकुंकू, अंगणात रांगोळी. मालकीणकाकूंनी आमच्याच स्वयंपाकघरात पोहे केले. आम्हाला कढीपत्त्याखाली बसवलं, आणि मालक मला म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट घाला. मुलीकडची मानसं नीट दिसावी." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मालक घर विकत नव्हते, मुलीसारखं दाखवत होते.

काकूंनी बायकोच्या कानात सांगितलं, "दोनी पोरंच झाली. धाकटं तर तान्हंपणीच गेलं. लेक पायजे हुती यांना लय. आता ती हौस अशी काढायलेत."

व्यापारी आला. पोह्यांची बशी घेतली, फिरून बघितलं, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मालक कसनुसे झाले. मग व्यापारी म्हणाला, "जागा एक नंबर हाय, मालक. घराचं काय, ती तर पाडायचंच हाय. खाली गाळे काढू."

मालकांनी त्याच्या हातातली अर्धी खाल्लेली बशी काढून घेतली. अगदी हळू, मेहुण्याचा खिळा उपसला तसंच.

"उठा."

"आवं, म्या भाव तरी कुठं सांगायलो अजून?"

"पोरगी बगायला येऊन कुनी म्हनतंय का, की हिला मारायचंच हाय, फकस्त हिची जागा पायजे? उठा आदी!"

नंतर आणखी चार स्थळं आली. एकाला स्वयंपाकघराची दिशा पसंत नव्हती. एकानं चपला न काढता पाय आत टाकला, तो उंबऱ्यावरूनच परत. एक नुसता मोबाइलवर बोलत फिरला आणि घराकडं बघितलंच नाही. मालकांनी सगळ्यांना नाही म्हटलं. मुलगा पुण्याहून फोन करून थकला.

एका संध्याकाळी चहा पिताना मालक अचानक तडकले. "काय भाडेकरू! तुमी कामून मागनी घालीत न्हाई?"

मी कप खाली ठेवला. "मालक, आपली ऐपत कुठं..."

"ऐपत इचारली का म्या? अकरा वर्सं तिला टोचलं न्हाई तुमी. आनखी काय बगायचं असतंय?"

भाव काय ठरला ते सांगत नाही. सांगितला तर जिंतुरातले सगळे दलाल आम्हा दोघांनाही वेड्यात काढतील, आणि त्यातला जास्त वेडा कोण यावर पैज लावतील.

रजिस्ट्रीच्या दिवशी मालकांनी नवं धोतर नेसलं होतं. साहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "राजीखुशीनं विकताय ना?"

"इकत न्हाई साहेब. देयालोय."

"कागदावर विक्री लिहिलंय."

"कागदाला काय कळतंय? लिवा काय बी." आणि अंगठा उमटवण्याच्या यंत्रावर बोट ठेवताना त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हाताची साल सिमेंटनं अशी झाली होती की मला वाटलं भिंतच आपला हात धरते आहे.

घरी आलो. काकूंनी उंबऱ्याची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मालकांनी पिशवीतून खणात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. उघडलं तर माझी हातोडी. अकरा वर्षं तेल लावून ठेवलेली, दांड्याला नवी पाचर.

"आता तुमचं घर हाय," ते म्हणाले. "मी काय बोलनार न्हाई."

बायको चहा घेऊन आली. मालकांनी कपाकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं.

"न्हाई, विहीनबाई."

"म्हंजे?" बायको गोंधळली. आज सकाळपर्यंत ती 'बाई' होती.

"लेक दिली तुमच्या घरात. आता हितलं पानी बी चालत न्हाई. रीत हाय. लेकीच्या घरचं खात न्हाईत."

आम्हाला वाटलं थट्टा आहे. मी हसलोसुद्धा. पण मालकांनी आयुष्यात थट्टा म्हणून केलेली गोष्ट मला आठवत नाही. आम्ही ज्यांवर हसायचो त्या सगळ्या त्यांनी मनापासून केलेल्या होत्या.

पुण्याला जायचं त्यांनी पुढं ढकललं होतं; दुसऱ्या दिवशी पाचला आले. टोपी खांबावर घातली नाही, डोक्यावरच ठेवली. "काय व्याही!" म्हणून मला हाक मारली. ओट्यावर नव्हे, ओट्याखाली पायरीवर बसले. पाण्याची बाटली बरोबर आणली होती, तेही फाटकाबाहेर जाऊन प्याले. सगळ्यांना माहीत आहे, चहा नसला तर माणसानं किती वेळ बसावं! पंधरा मिनिटांची दहा झाली, दहाची पाच. मग ते रस्त्यावरूनच हाक मारून जायला लागले. मग एक दिवस हाकही आली नाही.

आता आम्ही मालक होतो. हातोडी घरात होती. कॅलेंडर भिंतीवर लावायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. मी एकदा खिळा धरला, हातोडी उचलली आणि दाराकडं बघितलं. कुणी आलं नाही. येणार नाही हे कळल्यावर माझ्यानं ठोका घालवेना. हातोडी ठेवून दिली.

पाच वाजले की बायको सवयीनं आलं ठेचायची, आणि ठेचलेल्या आल्याकडं बघत उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "आपण घर घेतलं अन् घरातलं माणूस घालवलं."

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "लेकीला लेकरू झालं की चालतं ना पाणी?"

"कुणाच्या लेकीला?"

"त्यांच्या! नातवंडाचं तोंड बघितलं की आईबाप लेकीकडं जेवतात. रीतच आहे तशी. ते रीत पाळतात ना? मग आपणही पाळू."

"अगं पण घराला लेकरू कसं होणार?"

तिनं मान वर करून गच्चीकडं बघितलं.

अशी ती वरची खोली. कशी उभी केली ते विचारू नका. साधी दहा बाय बाराची खोली, कुठल्याही मिस्त्रीनं दोन महिन्यांत हातावेगळी केली असती. आम्हाला बरोबर नऊ लागले. कधी वाळू नाही, कधी मिस्त्री नाही. पण मालकांना कळलं मात्र, त्यांच्या चालण्यात फरक पडला. ते परत पाचला येऊ लागले, रस्त्यावर उभे राहून मिस्त्रीला ओरडायचे, "आवं, ओळंबा लावा! पोर तिरपं व्हईल!" सातव्या महिन्यात काकू हिरव्या खणाची चिंधी घेऊन आल्या आणि खांबाच्या सळईला बांधून गेल्या. मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, या लोकाचं डोकं बरं हाय ना?" मी म्हणालो, "तुमी सळई नीट बांधा."

पण स्लॅब पडायच्या आधी मालक पायरी चुकून पडले. कमरेला मार. मुलगा गाडी घेऊन आला आणि दोघांना पुण्याला घेऊन गेला. निघताना गाडी फाटकाशी थांबली. काच खाली करून मालक म्हणाले, "नीट करा. घाई करू नका. मी येतो."

मग फोन. रोज पाचला. व्हिडिओवर त्यांच्या कपाळाचाच अर्धा भाग दिसायचा. "भिंतीजवळ धरा. आनखी जवळ. गिलावा वल्ला हाय का? पानी मारा." मी मोबाइल भिंतीला लावून धरायचो आणि त्या दोघांचं काय चाले ते मला कळायचं नाही.

नवव्या महिन्यात आम्ही कळवलं, झालं.

मालक आले. काठी, मुलाचा खांदा, आणि टोपी. जिना चढायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात नवा रंग वाळला. वर आल्यावर काठी मुलाच्या हातात दिली. चारही भिंतींवरून तळहात फिरवला. एका कोपऱ्यात कान लावला. मग जमिनीवर बसले आणि म्हणाले, "विहीनबाई, पानी."

बायकोनं तांब्या दिला. ते घटाघट प्याले. मग चहा आला. वर्षभरात तिनं हातचं राखून ठेवलेलं सगळं आलं त्या कपात घातलं असावं. मालकांनी बशीत ओतला, घोट घेतला. आम्ही श्वास धरून.

"आलं जास्त झालं," मालक म्हणाले.

बायको पदर तोंडाला लावून जिन्यावर जाऊन बसली. हसते की रडते ते मी बघायला गेलो नाही, कारण माझंही मला कळत नव्हतं.

दुसरा कप संपल्यावर ते म्हणाले, "हातोडी आना."

"कशाला, मालक?"

"नात हाय. कान टोचाया नगं? आज्जा आलाय तवर उरकून घ्या."

मी हातोडी दिली, एक खिळा दिला. त्यांनी दारासमोरच्या भिंतीवरची जागा बोटांनी चाचपून काढली, तिथं थुंकीचं बोट लावलं, पुटपुटले, "जरासं दुखंल." आणि तीन ठोके. त्या हातांना एवढं हलकं मारता येतं हे मला माहीत नव्हतं. मालकांच्या मर्जीनं त्या घरात बसलेला तो पहिला खिळा. मालकांनी डोक्यावरची टोपी काढून त्याला अडकवली, आणि तिसरा कप मागितला.

संध्याकाळी गाडी निघाली. वर जाऊन बघतो, तर टोपी खिळ्यालाच. मी लगेच फोन लावला. "मालक, टोपी राहिली. गाडी फिरवा, मी चौकात आणून देतो."

"राहू द्या."

"अहो पण..."

"राहू द्या, व्याही. टोपी दिसली की लोकाला कळतंय."

पुढच्या पावसाळ्यात काकूंचा फोन आला. काकूंनी मला पहिल्यांदाच मालकांचं नाव सांगितलं, नाव घेऊन सांगितलं, म्हणून मला एक क्षण कळलंच नाही की कोण गेलं.

घड्याळ अजून कोनाड्यातच आहे. लग्नाचा फोटो तांदळाच्या डब्याला टेकलेला आहे. खालच्या भिंतीत आम्ही खिळा मारलेला नाही आणि मारणार नाही. पाचला चहा होतो, त्यात आलं किती घालावं यावर आमचं रोज भांडण होतं.

परवा दुकानातला एक नवा माणूस घरी आला. गच्चीवर गेला, उघड्या दारातून त्याला टोपी दिसली. खाली येऊन म्हणाला, "वर भाडेकरू ठेवलाय वाटतं?"

"नाही," बायको आतून म्हणाली. "भाडेकरू आम्हीच. वर मालक आहेत."